तंजावरचे सूर वाचायला माणसं पाठवा

मा. सांस्कृतिक कार्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

तंजावरच्या भोसल्यांचा ग्रंथसंग्रह, म्हणजे सरस्वती महाल, १९१८ साली सर्वांसाठी खुला झाला. त्याचं नाव निघालं की आपल्याला मराठी नाटकं आठवतात. वाद्यसंगीताच्या कागदांची आठवण सहसा कुणाला होत नाही. हे पत्र त्यांच्यासाठी.

दुसऱ्या सरफोजीराजांनी (१७९८ ते १८३२) पदरी पाश्चात्त्य पद्धतीचा बँड ठेवला होता. आज व्हायोलिनशिवाय कर्नाटक संगीताची मैफल उभी राहत नाही. ते वाद्य तिथे रुजवणाऱ्यांत बाळुस्वामी दीक्षितरांबरोबर तंजावर दरबारच्या वराहप्पय्यर आणि वडिवेलूंचं नाव घेतात. त्याच सरफोजींच्या मराठी निरूपणांत, म्हणजे नाचासाठी रचलेल्या गीतमालांत, जयजय, शरणूपासून मंगळापर्यंत १८ प्रकार एकाच रागात, एकाच तालात बांधलेले. त्यातल्या 'सोल्लू'त तर गायचे शब्दच नाहीत, नुसते बोल!

अडचण वाचणाऱ्यांची आहे. बँडचं संगीत पाच रेघांवर लिहिलेलं, दरबारचा कारभार मोडी लिपीत. कोणतं वाद्य कधी आलं, वाजवणाऱ्याला काय मिळायचं, हे शोधायचं तर मोडीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, सोडावे लागणार. मोडी जाणणाऱ्याला त्या रेघांवरची काळी टिंबं कळत नाहीत आणि टिंबं वाचणाऱ्याला मोडीचं एक अक्षर लागत नाही. दोघांना एका टेबलाशी बसवल्याशिवाय हे काम होणार नाही.

तेव्हा आपल्या खात्याच्या पुराभिलेख संचालनालयाने मोडी शिकवलेल्यांपैकी चार जण निवडून वर्षभर तंजावरला पाठवा. स्टाफ नोटेशन, म्हणजे ती पाच रेघांची लिपी, वाचणारा मुंबईत मिळेल, गोव्यात तर हमखास. कर्नाटक संगीताचा जाणकार मात्र तिकडचाच हवा. मराठीला अभिजात दर्जा मिळाल्यावर सत्कार पुष्कळ झाले. त्यातल्या एखाद्याच्या खर्चात या मंडळींचा राहण्या-जेवणाचा प्रश्न सुटावा.

कागद इकडे आणायची भाषा कृपा करून कुणी करू नये. ते तंजावरचे आहेत, तिथेच राहोत. तमिळनाडू सरकारशी करार करताना दोन गोष्टी लेखी घ्या: सूची मराठी आणि तमिळ दोन्हींत छापायची, आणि स्कॅन केलेली पानं सर्वांना मोफत पाहता आली पाहिजेत. नाहीतर ती एका कपाटातून निघून कुणा संशोधकाच्या कपाटात जातील.

कळावे,
मोडीचा एक अभ्यासक