किल्ली ज्यांच्याकडे, मोडेमची जबाबदारीही त्यांच्यावर टाका : केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात आमच्या जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीतून मला फोन आला. तिथलं सेवा केंद्र चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, सातबाऱ्याची साइट उघडली की मधेच भलतंच पान येतंय. कॉम्प्युटर दोनदा फॉरमॅट करून झाला, तरी तेच." मी जाऊन बघितलं. कॉम्प्युटर स्वच्छ होता. बिघाड भिंतीवरच्या मोडेममध्ये होता. साइटचं नाव घेऊन तिचा पत्ता शोधून देणारा जो सर्व्हर असतो, तो डीएनएस कुणीतरी बाहेरून बदलून ठेवला होता. त्या केंद्रात पीक विम्याचे अर्ज भरले जातात, आधार क्रमांक टाकले जातात, बँकेचे तपशील भरले जातात. ते सगळं कुठल्या वाटेने जायचं हे कुणीतरी परकाच ठरवत होता.

मी डीएनएस पूर्ववत केला. तीन आठवड्यांनी पुन्हा तेच झालं, कारण ज्या भगदाडातून तो माणूस आत आला होता ते फर्मवेअरमध्ये, म्हणजे मोडेम चालवणाऱ्या त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, होतं आणि मोडेमच्या पानावर त्या फर्मवेअरची तारीख २०१८ सालची होती. नवं फर्मवेअर टाकायचा पर्याय ग्राहकाच्या लॉगिनमध्ये नव्हताच. सेवा देणाऱ्या कंपनीला फोन केला, तर उत्तर मिळालं, "लाइन चालू दिसतेय, मग तक्रार कसली नोंदवू?" मोडेम बनवणाऱ्या कंपनीला लिहिलं, तर त्यांनी कळवलं की हे मॉडेल सेवा कंपनीसाठी खास बनवून दिलेलं आहे, अपडेट त्यांच्याकडूनच घ्या. ही टोलवाटोलवी दोन महिने चालली. शेवटी ग्रामपंचायतीने बाजारातून दुसरा राउटर आणला आणि तो मधे बसवून आम्ही काम भागवलं.

साहेब, हे पत्र त्या एका मोडेमसाठी नाही. मी हे काम १९९९ पासून करतोय आणि तेव्हा जे आम्ही कर्तव्य समजून करायचो, ते आज कुणाचंच काम उरलेलं नाही, हे सांगायला लिहितोय.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत. खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली १९९८ च्या अखेरीस आणि लगेच जिल्ह्याच्या गावांतही छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. अशाच एका कंपनीत मी लागलो. आमच्या खोलीत एक ॲक्सेस सर्व्हर होता, म्हणजे ग्राहकांचे फोन कॉल घेऊन त्यांना इंटरनेटशी जोडणारं यंत्र. टेलिफोन खात्याकडून येणाऱ्या एका ई-१ लाइनवर एका वेळी ३० कॉल यायचे आणि प्रत्येक कॉल उचलायला सर्व्हरच्या कार्डावर एक मोडेम लागायचा. तो काळ ५६ केच्या, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट वेगाच्या मोडेमांच्या, भांडणाचा होता. एक्स-२ आणि के-५६-फ्लेक्स अशा दोन पद्धती बाजारात होत्या आणि दोन्हींचं एकमेकांशी जमत नव्हतं. मग १९९८ मध्ये व्ही-९० हे सामायिक मानक आलं. ते वापरायचं तर दोन्ही टोकांचं फर्मवेअर बदलायला हवं होतं. आमच्या सर्व्हरचंही आणि ग्राहकाच्या टेबलावरच्या मोडेमचंही.

आमच्या बाजूचं काम आम्ही पहाटे तीनला करायचो, कारण तेव्हा कॉल सगळ्यांत कमी असत. एकेक कार्ड कॉल घेण्यापासून बाजूला काढायचं, त्यावरचे चालू कॉल आपोआप संपेपर्यंत थांबायचं, नवी फाइल चढवायची, कार्ड पुन्हा सुरू करायचं. सकाळी खरी परीक्षा. नव्या फर्मवेअरचं एखाद्या जातीच्या मोडेमशी हमखास बिनसायचं. कुणाचा कॉल दहा मिनिटांनी तुटायचा, कुणाचा ४४ हजारांवर लागणारा मोडेम २८ हजारांवर अडकायचा. म्हणून आम्ही एक जाड वही ठेवली होती. ग्राहकाचं नाव, मोडेमची बनावट, फर्मवेअरची आवृत्ती, लागलेला वेग. ज्याच्या मोडेमला नवी फाइल हवी असेल त्याच्यासाठी ती आम्ही उतरवून घ्यायचो, फ्लॉपीवर टाकायचो आणि स्कूटरवरून त्याच्या घरी जाऊन बसवून द्यायचो. तो मोडेम त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेला असायचा, तरीही. ग्राहकाचं टोक नीट नसेल तर आपली सेवा नीट नाही, असं आमचे मालक म्हणायचे. मला ते आजही पटतं.

आज परिस्थिती उलटी आहे. डबा, म्हणजे मोडेम किंवा राउटर, कंपनीच देते, बऱ्याचदा त्याची मालकीही स्वतःकडेच ठेवते. त्याचं मुख्य लॉगिन कंपनीकडे असतं. टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने कंपनी आपल्या कार्यालयात बसून लाखो घरांतल्या डब्यांची सेटिंग बदलू शकते, फर्मवेअर चढवू शकते. आम्हाला प्रत्येक घरासाठी स्कूटर काढावी लागायची, यांना एक आज्ञा पुरते. तरीही माझ्या पाहण्यातले बहुतेक डबे बसवल्या दिवसाच्या फर्मवेअरवर मरेपर्यंत चालतात.

याचे परिणाम जगाने पाहिलेले आहेत. डिसेंबर २०१४ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी एक दोष उघड केला. जगभरातल्या सुमारे १ कोटी २० लाख घरगुती राउटरांमध्ये तो होता. दोष होता रॉमपेजर नावाच्या एका छोट्या वेबसर्व्हरमध्ये, जो अनेक कंपन्या आपल्या राउटरांत वापरत होत्या. मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. रॉमपेजर बनवणाऱ्यांनी तो दोष २००५ मध्येच दुरुस्त केला होता. औषध नऊ वर्षं दुकानात पडून होतं आणि रोग्यापर्यंत पोचलं नव्हतं, कारण ते पोचवणं कुणाच्याच जबाबदारीत बसत नव्हतं.

नोव्हेंबर २०१६ च्या शेवटी जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले. दूरनियंत्रणाच्या ज्या दारातून कंपनी आत जाते, त्याच दारावर हल्ला झाला होता. कंपनीने काही दिवसांतच दुरुस्त फर्मवेअर तयार केलं आणि ग्राहकांना सांगितलं की राउटरची वीज काढा आणि पुन्हा लावा, नवं फर्मवेअर तो आपोआप घेईल. आठ महिन्यांनी, जुलै २०१७ मध्ये, आपल्या देशातही बीएसएनएलच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमांवर मालवेअरचा हल्ला झाला. कारखान्यातून आलेला 'ॲडमिन' हाच पासवर्ड ज्यांच्यावर तसाच होता ते मोडेम सापडले. ग्राहकांना सूचना गेली : पासवर्ड बदला. ती सूचना चुकीची नव्हती. पण ज्या आजोबांना मोडेमला पासवर्ड असतो हेच माहीत नाही, त्यांनी तो बदलायचा कसा? जर्मनीत दुरुस्तीचं काम कंपनीने केलं, आपल्याकडे ते ग्राहकावर पडलं. हा फरक तंत्रज्ञानाचा नाही, बंधन कुणावर आहे याचा आहे.

वायफायचीही तीच गत. ऑक्टोबर २०१७ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी दाखवून दिलं की ज्या डब्ल्यूपीए-२ कुलपावर घराघरातलं वायफाय विसंबून आहे, त्यातच खोट आहे. फोनना अपडेट आले, लॅपटॉपना आले. मी जोडलेल्या शाळांमधल्या वायफायच्या डब्यांना मात्र आजतागायत काही आलेलं नाही.

आणि असा जुना डबा परक्याच्या हाती पडला तर नेहमी नेट बंदच होतं असं नाही. उलट ते सुरळीत चालू राहतं. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने जाहीर इशारा दिला की ज्यांना अपडेट येणं थांबलंय असे राउटर ताब्यात घेऊन गुन्हेगार ते आडोशासारखे वापरत आहेत. गुन्हा करणारा कुठेतरी लांब, पण नोंदीत आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरचा ओळख क्रमांक, मात्र तो डबा असलेल्या घराचा. उद्या सायबर पोलीस चौकशीला आले तर ते एखाद्या निवृत्त शिक्षकाच्या दारात उभे राहतील आणि त्या माणसाला आपली बाजू मांडताही येणार नाही. अशा एका कुटुंबाची कासाविशी मी जवळून पाहिली आहे. प्रकरण मिटलं, पण त्या घराने नेट कायमचं काढून टाकलं.

आपल्या मंत्रालयाने काहीच केलेलं नाही, असं मी म्हणणार नाही. दूरसंचार उपकरणांची सक्तीची तपासणी आणि प्रमाणपत्र सुरू झालं, बेंगळुरूचं राष्ट्रीय दळणवळण सुरक्षा केंद्र वायफाय राउटरांसाठी सुरक्षेच्या अटी ठरवतं. पण प्रमाणपत्र हे डबा तपासणीला आला त्या दिवसाचं असतं. दोष सापडतात नंतर, डबा घरात लागून दोन-तीन वर्षं झाल्यावर. त्या दिवसापासून पुढचं कोण बघणार?

दूरसंचार अधिनियम २०२३ प्रमाणे सेवा कंपन्यांच्या परवान्यांची जागा आता नवी प्राधिकारपत्रं घेत आहेत. त्यांच्या अटींमध्येच हे लिहा, अशी माझी विनंती आहे. जी कंपनी ग्राहकाच्या डब्याचं मुख्य लॉगिन स्वतःकडे ठेवते, तिने गंभीर दोष जाहीर झाल्यापासून ठरावीक दिवसांत तो दुरुस्त करावा. तेवढ्यात जमलं नाही तर डबा फुकट बदलून द्यावा. डब्याच्या पाठीवर, किमतीइतक्या ठळक अक्षरांत, मराठीत आणि त्या त्या राज्याच्या भाषेत, अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळतील ते छापावं. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना एकच ठरीव पासवर्ड देण्यावर बंदी आहे आणि अपडेट किमान किती काळ मिळतील हे सांगणं उत्पादकावर बंधनकारक आहे. नियम मोडला तर दंड १ कोटी पौंड किंवा जगभरातल्या उलाढालीच्या ४ टक्के, यांतला जो जास्त तिथपर्यंत जाऊ शकतो. आपल्या ग्राहकाला हा हक्क का नसावा? आणि ती तारीख उलटल्यावर कंपनीने किल्ली, म्हणजे ते मुख्य लॉगिन, ग्राहकाला देऊन टाकावी, म्हणजे ज्याला जमेल तो मुक्त प्रणाली, म्हणजे कुणालाही वापरता येणारं खुलं फर्मवेअर, बसवून तो डबा आणखी काही वर्षं सुरक्षितपणे वापरू शकेल. नाहीतर तो भंगारातच जातो.

कंपन्या एक अडचण सांगतील आणि ती खरी आहे. फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर डबा कायमचा मरतो. आमच्याकडे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून तंत्रज्ञही म्हणतात, चालतंय ना, मग हात लावू नका. यावर उपाय जुना आणि साधा आहे. डब्याच्या मेमरीत फर्मवेअरला दोन कप्पे ठेवायचे. नवं एकात चढतं, जुनं दुसऱ्यात शाबूत राहतं, आणि नवं नीट उठलं नाही तर डबा आपणहून जुन्यावर परततो. महागड्या उपकरणांत हे असतंच. स्वस्त डब्यांत चार पैशांची मेमरी वाचवायला ते गाळतात. प्रमाणपत्राच्या अटींत दोन कप्पे सक्तीचे केले की हा प्रश्न संपतो.

दुसरा धोका मात्र मी स्वतःहून सांगतो. कंपनीला दूरून फर्मवेअर चढवता येतं, याचा अर्थ त्या दारावर कब्जा मिळवणाऱ्यालाही ते करता येतं. ऑक्टोबर २०२३ च्या शेवटी अमेरिकेत एकाच सेवा कंपनीचे ६ लाखांहून अधिक राउटर तीन दिवसांत निकामी झाले. त्यांचं फर्मवेअरच बिघडवलं गेलं होतं आणि ते डबे बदलण्यावाचून गत्यंतर उरलं नाही. फटका बसलेल्यांत खेड्यापाड्यांतले लोक बरेच होते, ज्यांना दुसरी लाइन उपलब्ध नव्हती. म्हणून डब्याने फक्त उत्पादकाची डिजिटल स्वाक्षरी असलेलं फर्मवेअरच स्वीकारावं, ही अट अपडेटच्या सक्तीबरोबरच यायला हवी. एक केली आणि दुसरी सोडली तर धोका वाढेल.

गावोगावच्या लहान केबलवाल्यांचाही विचार व्हावा. ते घाऊक बाजारातून मिळतील ते डबे आणतात. त्यांच्याकडे ना दूरनियंत्रणाची यंत्रणा, ना फर्मवेअर लिहिणारा माणूस. त्यांच्यावर दंड लावून काही साधणार नाही. तिथे जबाबदारी आयात करणाऱ्यावर आणि उत्पादकावर असावी, म्हणजे बेवारशी माल बाजारातच येणार नाही.

शेवटची विनंती भारतनेटची, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबरने इंटरनेट नेणाऱ्या सरकारी योजनेची. ४ ऑगस्ट २०२३ ला मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमावर सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये खर्च होणार आहेत आणि त्यात दहा वर्षांची देखभाल धरलेली आहे. देखभाल म्हणजे तुटलेली फायबर जोडणं, असाच अर्थ आजवर लावला गेला. त्या करारांत फर्मवेअरची देखभाल शब्दांनी लिहून घ्या आणि प्रत्येक ग्रामपंचायतीतल्या डब्याची आवृत्ती व शेवटच्या अपडेटची तारीख संकेतस्थळावर कुणालाही बघता येईल अशी ठेवा. आम्ही वहीत ठेवत होतो, तेवढीच नोंद. माझ्यासारखे जुने तंत्रज्ञ ती तपासायला मोबदल्याशिवाय तयार आहेत.

ज्या ग्रामपंचायतीचा उल्लेख सुरुवातीला केला, तिथला जुना मोडेम अजून त्याच भिंतीवर आहे, कारण फायबर त्यातूनच येते. त्याच्या पाठीवरच्या लेबलाचा आणि आवृत्ती दाखवणाऱ्या पानाचा फोटो, कंपन्यांशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या प्रतींसह, आपल्या कार्यालयाला रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला आहे.

आपला,
एक नेटवर्क तंत्रज्ञ, सातारा जिल्हा