दुसरा चिमटा

लेका,

आठ महिने झाले आपल्याला बोलून. फोन मीच आपटला होता, ते मान्य, त्याच्यावर आत्ता काही बोलत नाही कारण पुढे ते येणारच आहे. गुडघा कसा आहे? माझी शुगर जैसे थे, गोळी चालू. आबांना दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, फक्त त्यांच्याबद्दल काही बोललं की स्वच्छ ऐकू येतं. झालं तब्येतीचं. आता ऐक.

ओंडके ओढायचा माझा चिमटा तुटला.

हस, हस तू, मला इथे बसून दिसतंय. पण तुटला कसा ते ऐकल्यावर हसणार नाहीस, आणि हे दुसऱ्या कुणाला सांगून उपयोगच नाही. हिला सांगितलं तर ही म्हणाली, "बरं झालं, लागलं नाही ना कुणाला," आणि विषय संपला. विषय संपत नाहीये, रात्री झोप लागत नाही.

ओंडका काही फार मोठा नव्हता. जाडी चाळीस सेंटीमीटरच्या आसपास, लांबी तीन मीटर. ओलं लाकूड घनमीटरला ९०० ते १००० किलो धरलं तर पावणेचारशे किलो फार फार तर. असले मी त्या चिमट्याने कितीतरी ओढलेत. लो गिअर, साखळी ट्रॅक्टरच्या मागे खाली ड्रॉबारला (ओढायच्या दांड्याला), पोरगा लांब उभा, सगळं शहाण्यासारखं. पण गवतात एक जुनं खोड होतं, वीतभर वर आलेलं, ते दिसलं नाही आणि ओंडक्याचं तोंड बरोबर त्याला जाऊन अडकलं. तिथे मी खाली उतरून बघायला हवं होतं की नाही? तर मी थोडा अॅक्सिलरेटर दिला. थोडाच. पुढची चाकं जराशी हलकी झाल्यासारखी वाटली आणि तेवढ्यात टण्णकन आवाज झाला, चिमटा साखळीसकट मागून उडाला आणि मडगार्डवर आदळला. मडगार्डला आता एवढा पोचा आहे की त्यात वाटी बसेल. माझ्या पाठीपासून हातभर अंतरावर. तुझा तो लाडका नायलॉनचा दोर असता तर आज हे पत्र वहिनींनी आमच्या हिला लिहिलं असतं, कारण नायलॉन ताणतो आणि सुटला की गलोलीसारखा परत येतो. साखळी फारशी ताणत नाही म्हणून चिमटा मडगार्डवर थांबला. ह्या एका मुद्द्यावर तरी मी बरोबर होतो, लिहून ठेव.

तुटलेलं टोक चौदा पावलांवर सापडलं. मी मोजली. त्याच बाजूला पोरगा उभा असतो खुणा करायला. त्या दिवशी दुसऱ्या बाजूला होता, कारण तिकडे सावली होती.

बरं, आता टोकाचं. तू म्हणाला होतास की टोकांना लावलेल्या पाट्याला, म्हणजे गाडीच्या स्प्रिंगच्या पट्टीला, वेल्डिंग नीट धरत नाही. मी म्हणालो होतो की तू टेबलावर बसून कागद हलवणारा माणूस, तुला काय कळतं. (ते मागे घेतो. अर्धं.) तुटलेल्या जागेवर मी बॅटरी मारून बघितलं. तुकडा वेल्डिंगमध्ये तुटलेला नाही, वेल्डिंगला खेटून जो पाटा आहे त्यात तुटलाय, काच फुटावी तसा, दाणेदार, चमकदार. आणि एका कडेला नखाएवढा काळपट डाग. तो डाग म्हणजे जुनी चीर रे. गंज चढलेली. म्हणजे ती चीर पहिल्या दिवसापासून होती, मी वरून लाल रंग मारून झाकली होती आणि सगळ्यांना दाखवत फिरत होतो.

आणि एक गोष्ट तुला तेव्हा सांगितली नव्हती. तू सांगितलंस की आधी दोन्ही तुकडे चांगले तापव, रॉड कोरडे घे, लो हायड्रोजनवाले (त्यांनी चीर पडायची भीती कमी), आणि झाल्यावर राखेत पुरून ठेव, रात्रभर हळूहळू गार होऊ दे. मी काय केलं माहितीये? संध्याकाळ झाली होती, रॉड पावसाळाभर उघडे पडलेले होते तेच वापरले, तापवलं बिपवलं काही नाही, आणि घाईत पाण्याच्या बादलीत बुडवलं. चर्रर्र झालं, छान वाफ आली, मला वाटलं लोहाराच्या भट्टीत आल्यासारखं. पाट्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो, ते लाल असताना पाण्यात घातलं की कडक होतं पण ठिसूळ होतं, हे आपण दोघांनी शाळेत असताना त्या सुरीवर शिकलो होतो. ती सुरी कशी मोडली आणि कुणी कुणाचं नाव सांगितलं ते मी विसरलेलो नाही.

बाकी चिमटा चांगला होता, हे मी अजूनही म्हणतो. तू नेटवरचा फोटो पाठवला होतास त्यापेक्षा चांगला. आधी जमिनीवर खडूने तीन गोल काढले, वीस, तीस आणि चाळीस सेंटीमीटरचे, आणि पुठ्ठ्याचे हात कापून खिळ्यावर फिरवून बघितले. पहिले दोन पुठ्ठे वाया गेले. टोकं ओंडक्याच्या मधल्या रेघेच्या खाली बसली पाहिजेत, वर बसली तर ओढताना घसरून वर येतात आणि मोकळी होतात. आणि बारक्या ओंडक्यावर टोकं एकमेकांना भिडली तर लाकूड धरायला जागाच उरत नाही. म्हणजे एक चिमटा सगळ्यांना पुरत नाही. मधला बोल्ट वीस एमएमचा, ८.८ मार्कचा, आटे जिथे भार येतो तिथे नाहीत, नट आत नायलॉनचं कडं असलेला, आपोआप सैल न होणारा, हात मोकळे फिरतील इतकाच आवळलेला. साखळी दहा एमएमची ग्रेड ८०, कड्यांवर शिक्का आहे, सव्वातीन टनाच्या जरा खालची. साखळी सव्वातीन टनाची आणि टोक राखेविना. आपल्या दोघांच्या सगळ्या धंद्यांसारखं.

आता खरं दुखणं. त्या दिवशी मी एक नाही, दोन चिमटे केले होते.

त्याच पाट्याचे, तेच रॉड, तीच बादली. दुसरा मेहुण्याला दिला. तुला माहितीये त्या सगळ्या प्रकारानंतर आम्ही किती वर्षांनी बोलायला लागलो ते, तर मी मोठेपणाने नेऊन दिला, वरून म्हणालो, "एक टन ओढेल, डोळे झाकून." तो म्हणाला, "दाजी, तुमच्या हातचं काम म्हणजे बघायलाच नको." मला इतकं बरं वाटलं लेका की मी घरी येईपर्यंत गाडीत शिट्टी वाजवत होतो.

परवा त्याने व्हिडिओ पाठवला. तो चिमट्याने ओंडका ओढत नाही, उचलतो. पुढच्या लोडरला टांगतो, डोक्याच्या उंचीवर नेतो, आणि त्याचा धाकटा खाली उभा राहून हाताने ओंडका फिरवतो, ट्रॉलीत सरळ बसावा म्हणून. खाली "दाजी झिंदाबाद" लिहिलंय. मी तो व्हिडिओ अकरा वेळा बघितलाय. सहाव्या सेकंदाला ओंडका ट्रॉलीच्या फळीला टेकतो आणि साखळी सैल पडते. चिमटा ओढ आहे तोवरच धरतो ना, जितकी ओढ तितकी पकड, सैल पडला की टोकं सुटू शकतात, आणि ओंडक्याची साल सुटी असेल तर बघायलाच नको. बरं तो चिमटा अगदी नीट केलेला असता तरी तो ओढायचा होता. उचलायचा नव्हताच. हे मी देताना सांगितलं का? नाही. मी शिट्टी वाजवत होतो.

तू म्हणशील, फोन कर आणि सांग. तीन वेळा केला. पहिल्यांदा त्याने विचारलं आणखी एक मिळेल का, शेजाऱ्याला हवाय. मी "बघू" म्हणालो. बघू! दुसऱ्यांदा हवापाण्याच्या गप्पा मारून ठेवला. तिसऱ्यांदा म्हणालो, "तो चिमटा जरा जपून वापर," तर तो म्हणाला, "जपूनच वापरतो दाजी, रोज पुसून ठेवतो." आता ह्याच्यावर काय बोलणार. खरं सांगायचं तर मला चिमट्याची लाज वाटत नाही, "डोळे झाकून" म्हणालो त्याची वाटते. आणि मनात एक चोर विचारपण येतो की त्याचं टोक कदाचित चांगलं असेल, सगळ्यांनाच चीर पडते असं नाही. रात्री तीन वाजता असला विचार फार पटतो.

तूपण काही संत नाहीस म्हणा. टॉप लिंकच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या वरच्या दांड्याच्या, पिनला साखळी बांधून खोड उपटायला निघालेला माणूस तू. परवा पोराला तीच गोष्ट सांगितली, तुझं नाव न घेता (घेतलं). म्हटलं, ओढ अॅक्सलच्या वरून लागली आणि खोड हललं नाही तर चाकांना फिरता येत नाही, मग ट्रॅक्टरच अॅक्सलभोवती फिरतो, पुढचं तोंड वर आणि बसणारा खाली, आणि एकदा उलटायला लागला की क्लच दाबायचं सुचेपर्यंत वेळ गेलेला असतो. तुला आबांच्या ओरडण्याने सुचलं. पोरगा म्हणाला, "काकांना रोल बार नव्हता?" म्हटलं, काकांना डोकं नव्हतं.

नवीन चिमटा करतोय मी. ह्या वेळी हात आणि टोक एकाच साध्या लोखंडाच्या जाड पट्टीतून कापलेत, जोडच नाही. साधं लोखंड बोथट होतं लवकर, होऊ दे, कानस मारीन. वाकलं तर निदान दिसेल तरी. शिवाय ओंडक्याला एक जादा साखळीचा फास, सैल, म्हणजे चढावर चिमटा सुटला तर ओंडका खाली पळत जाणार नाही. सीटच्या मागे जाळी बसवतोय. पोरगा आता साखळीच्या दुप्पट लांब उभा राहतो आणि बाजूला, रेषेत नाही, सावली असो नाही तर ऊन. हे सगळं झालं, पण हे सगळं माझ्याकडचं झालं. तिकडचं तसंच लटकतंय.

मध्येच उठून ग्राइंडर गाडीत ठेवून आलो. उद्या जाऊन सरळ दोन्ही टोकं त्याच्यासमोर कापून टाकावीत असं ठरवलंय. म्हणजे नंतर "राहू द्या दाजी, मी फक्त ओढायलाच वापरतो" असं म्हणायला जागा नको. माझा तुटलेला तुकडापण नेतोय, तो काळा डाग दाखवायला. तू येशील का? बोलू नकोस काही, नुसता उभा राहा. तुझ्यासमोर मी थापा मारू शकत नाही, प्रयत्न करून झालेत.

तुझ्या पोरीचं अॅडमिशन झालं ना? वहिनींनी हिला सांगितलं होतं बहुतेक, अभिनंदन राहूनच गेलं. आणि तो दहा-अकराचा पाना माझ्याकडेच आहे, सापडला, सहा वर्षं तुझ्यावर आळ घेतला त्याचं काय ते भेटल्यावर.

थांब, फोन वाजतोय. त्याचाच आहे. पत्र असंच पाठवतोय, वाचलंस की लगेच तू त्याला फोन कर, कारण आत्ता मी काहीतरी जोक मारून विषय उडवणार आहे, तू ओळखतोसच मला.

तुझाच