भात शेतात, शीत ताटात

माशेल, तालुका फोंडा, गोवा
दिवाळीनंतरचा रविवार

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन रोजचाच आहे, तरी हे पत्र लिहितेय ते आजीसाठी. पत्र पुन्हा पुन्हा वाचून घेता येतं, शिवाय पदराखाली ठेवून चार घरी नेता येतं. शेजारीपाजारी ती "नातीचं परदेशातून पत्र आलं" असं सांगते म्हणे. सांगू दे, तिला कुणी हसू नका. ती परकर नेसायची तेव्हा गोवा परदेशच होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत इथे पोर्तुगिजांचा अंमल होता आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवीला सरहद्द लागायची. तिच्या डोक्यातला नकाशा तेव्हाचा आहे, एवढंच.

परवा तुम्ही विचारलंत, "तिकडचे लोक शीत खातात म्हणतेस, म्हणजे गार खातात काय?" तेवढ्यात आईने सिलिंडरचं काढलं आणि उत्तर राहून गेलं. नाही बाबा, चांगलं वाफाळतं खातात. शीत म्हणजे आपला भात. आणि इथे भात म्हणजे आपलं धान.

नीट सांगते. इथे शेतात डोलतं ते भात, कापून झोडून पोत्यात भरलं तरी भात. भरडून तूस गेलं की तांदूळ. तांदूळ शिजून ताटात आले की शीत. आपल्या भंडाऱ्याकडे शेतात धान, मग तांदूळ, मग ताटात भात. मधला तांदूळ दोन्हीकडे तोच. दोन टोकांची नावं मात्र एकेक घर सरकलेली. त्यामुळे इथे कुणी "भात कापून जालें?" असं विचारलं, तर तो पिकाची चौकशी करतो, आणि मावशी (माझ्या घरमालकीणबाई) पानावर वाकून "शीत वाडूं?" म्हणतात, तेव्हा पुढे येतो तो आपला भात. नको म्हटलं तरी "मातशें शीत घे गो" असतंच. त्यावर हुमण, म्हणजे नारळाच्या रसातली मासळीची आमटी, आणि सोमवारी वरण. मासळीला इथे नुस्तें म्हणतात. "आज नुस्तें ना" याचा अर्थ आज ताटात मासा नाही. पण तो शब्द घेऊन बसले तर पत्र संपणार नाही.

खाणावळीत "भात द्या" म्हटलं तरी मिळतो बरं का. मराठी इथे बहुतेकांना कळतं. मावशींच्या घरात बोलणं कोकणी, पेपर मराठी, संध्याकाळचं भजन मराठी, आणि गावच्या जत्रेतलं नाटक तर मराठीच. १९८७ च्या कायद्याने देवनागरीतली कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीही चालेल असं त्यातच लिहिलंय. यावरून इथे एका घरातले दोन भाऊ दोन बाजूंना असतात. मी त्यात पडत नाही, जेवते.

शाळेत पुस्तकात "भाताची लावणी" आली की आम्ही हसायचो, आठवतं? शिजवलेला भात चिखलात कोण लावतो? गुरुजींनी तेव्हा एवढंच सांगितलं होतं की तिकडे धानाला भात म्हणतात. माझी इतके दिवस समजूत अशी, की मावळात आणि कोकणात एकाच शब्दावर दोन्ही कामं भागवतात, म्हणजे थोडी कंजुषीच. पण आमच्या बँकेच्या शाखेत रत्नागिरीकडची एक जण आहे, तिचं बोलणं कान देऊन ऐकलं. शेतातलं असलं की ती म्हणते "भात आलं", "भात झोडलं". पानातला असला की "भात मऊ झाला". म्हणजे शेतात ते भात आणि ताटात तो भात! वेगळा शब्द नाही केला, लिंग बदललं आणि काम भागवलं. मला तर ही युक्ती आपल्या दोन शब्दांपेक्षाही हुशारीची वाटली. सरकारला मात्र कुणावरच भरवसा नाही, ते आपलं खरेदीच्या कागदावर "धान/भात" असं दोन्ही लिहून मोकळं होतं.

मावशींचे यजमान मराठीचे निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्यासमोर शब्द टाकायचा अवकाश, की ते चष्मा पुसायला घेतात. त्यांनी सांगितलं की भात आला संस्कृत भक्त या शब्दापासून, आणि भक्त म्हणजे शिजवलेलं अन्न. देवाचा भक्त तो आहेच, पण हाही अर्थ जुना आहे. मी लगेच म्हटलं, म्हणजे आमचं विदर्भातलंच मूळचं! त्यावर म्हणाले, "तुमचं मुळाचं, आमचं कामाचं." शीत हा शब्द सिक्थ या संस्कृत शब्दाचा. सिक्थ म्हणजे शिजलेल्या भाताचा गोळा किंवा कण, आणि मेणालाही सिक्थच म्हणतात. हाताला चिकटतं ते, असं समजा. तुम्ही विचारलंत तो गारव्याचा शीत, शीतगृहातला, तो निराळा. दोघांची गाठ फक्त बोलण्यात पडते.

आपल्या मराठीत शीत म्हणजे भाताचा एक दाणा. शितं तिथे भुतं, शितावरून भाताची परीक्षा. यातली दुसरी म्हण इथल्या अर्थाने वाचली तर भलतीच होते: जेवण चाखून शेतातलं पीक ओळखायचं! आणि मावशी नेमकं तेच करतात. एकदा त्यांच्या माहेरून तांदूळ आले होते. पहिल्या घासालाच म्हणाल्या, हे खाजनातलं कोरगूट आहे, मोरडावरचं नव्हे. मोरड म्हणजे उंचावरची जमीन. खाजन तुम्हाला दाखवायला हवं, बाबा. नदीकाठची सखल शेतं, भरतीच्या पाण्यापेक्षाही खाली, आणि भोवती मातीचा बांध. बांधात लाकडी दारं बसवलेली असतात, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्याने दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतं. तिथे कुणी उभं राहावं लागत नाही. तरी थोडा खारेपणा जमिनीत मुरतोच, म्हणून तिथे कोरगूट लावायचं. ते खाऱ्या जमिनीत तग धरतं. आपल्या बांध्या आणि मामा तलाव (म्हणजे जुने मालगुजारी तलाव) आठवून मला मजा वाटली. आपली सगळी धडपड पाणी आत ठेवायची, यांची बाहेर ठेवायची.

गेल्या आठवड्यात मावशी म्हणाल्या, "फाल्यां भात उकडपाचें आसा." आपल्याकडे हे वाक्य ऐकून माणूस उद्या दुपारी ताट घेऊन बसेल. इथे त्याचा अर्थ असा, की उद्या अंगणातून जायला वाट नाही. भात आधी भिजत घातलं होतंच. पहाटे परसात तीन दगडांवर तांब्याचं मोठं भांडं चढलं, खाली सुक्या झावळ्या आणि करवंट्यांचा जाळ, तोंडावर ओलं गोणपाट. वाफ चांगली आली की मावशी मूठभर काढून बघायच्या. तुसाचं टोक उकलून आतला पांढरा ठिपका दिसला की उतरवायचं. अजून ठेवलं तर दाणा फुटतो आणि गिरणीत कणीच कणी होते. मग मांदऱ्यांवर पसरून दिवसभर पायाने सऱ्या पाडत फिरायचं. सुट्टी होती म्हणून दुपारी मीही फिरले. तळव्यांना आधी चटका बसतो, मग गुदगुल्या होतात. वास ओल्या तणसाचा, जरा आंबूस. सुकलं की नाही ते दाढेखाली कळतं. दाणा कडकन मोडला तर गिरणीवर, चिमटला तर आणखी एक ऊन.

हे सगळं तुमच्या ओळखीचं आहे. गोंदियाकडच्या गिरण्यांत उसना तांदूळ काढतात तो याच रीतीने, तिथे बॉयलर असतो इतकंच. सालासकट उकडल्यामुळे वरच्या थरातलं ब जीवनसत्त्व आत दाण्यात उतरतं, म्हणून भरडताना सगळं कोंड्याबरोबर जात नाही. या उकड्या तांदळाची पेज इथे सकाळी दहा-अकराला पितात, तोंडी लावायला मिठातली कैरी. न उकडता काढलेला तांदूळ तो सुरय.

आता शब्दाचं बघा. सबंध दिवस चुलीवर शिजलं, तरी संध्याकाळी पोत्यात भरलं ते भातच! शिजण्याने नाव बदललं नाही. आधी तूस गेलं पाहिजे, मग पुन्हा शिजलं पाहिजे, तेव्हा ते शीत. "भात शिजला" हे आपलं रोजचं वाक्य इथे का चालत नाही, ते मला त्या अंगणात उमगलं. ज्या घरात सालासकट शिजवायचं आणि सोलून शिजवायचं अशी दोन्ही कामं एकाच परसात चालतात, तिथे दोहोंना एक शब्द ठेवून भागणारच नाही. सुनेने कुठलं भांडं चढवायचं? मास्तरांना हे माझं म्हणणं फारसं पटलेलं नाही. ते म्हणतात, कोकणातही भात उकडतात आणि तिथे एकाच शब्दावर चाललंय. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही, पण मी मुद्दा सोडलेला नाही.

बँकेतली एक गंमत. शेतीकर्जाच्या कागदात इथे भात असतं तसं भाटही असतं. भाट म्हणजे नारळी-पोफळीची बाग, आणि तिचा मालक भाटकार. त्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार. मराठीतल्या भाटाचा, राजाची स्तुती गाणाऱ्याचा, इथे काही संबंध नाही. आमच्याकडे नागपूरहून नवीन आलेल्या एका साहेबांनी "भाट – दोन" असं वाचून अर्जदाराच्या घरात गाणारे किती आहेत असं विचारलं होतं म्हणे. ही कथा शाखेत प्रत्येक नव्या माणसाला सांगतात, नाव दर वेळी वेगळं असतं. मी आले तेव्हा साहेब अमरावतीचे होते.

धानाच्या लोंबीला इथे कणस म्हणतात. आपलं कणीस ज्वारीचं, यांचं भाताचं. गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम असते, तेव्हा नवी कणसं घरी आणून पूजतात आणि दारावर बांधतात. ख्रिस्ती लोकांतही हेच आहे. सासष्टीतल्या राय गावी ५ ऑगस्टला कणसाचं फेस्त होतं, पाद्री शेतात जाऊन पहिली कणसं आशीर्वाद देऊन कापतो. ताळगावचं २१ ऑगस्टला. पुढच्या वर्षी तुम्ही आणि आई त्या सुमाराला आलात तर दोन्ही बघता येतील. पण तेव्हा आपली रोवणी नुकती आटोपून निंदणाची घाई असते, तुम्ही येणार नाही हे मला माहीत आहे.

आजीला एक विचारा. दुर्वास ऋषी जेवायला येतात त्या गोष्टीत ती द्रौपदीच्या थाळीला चिकटलेलं भाजीचं पान सांगते. मावशींच्या गोष्टीत तिथे एक शीत असतं. दोघींनाही आपापल्या आजीनेच सांगितलेलं, म्हणून कुणी माघार घेणार नाही. मास्तरांनी महाभारतातलं वनपर्व काढून दाखवलं, तिथे शब्द आहे शाकान्न, म्हणजे भाजीही आणि अन्नही. आजीला सांगा, अर्धी तू जिंकलीस.

आता कामाचं. चुरणा (मास्तरांच्या भाषेत मळणी) कधी आहे ते कळवा. पुंजणे रचले की धाकट्याला फोटो पाठवायला सांगा; मास्तरांना बघायचे आहेत. परे, आवत्या, बांधी, पुंजणा, तणीस हे शब्द त्यांनी वहीत उतरवून घेतलेत. आणखी काही आठवले तर लिहून पाठवा, पण अर्थासकट, नाहीतर मला रोज परीक्षा. माझ्या खात्यातून तुम्हाला पाठवलेले पैसे मजुरीलाच वापरा, बाकी हप्त्याचं मी बघते. गुडघ्यासाठी डॉक्टरांकडे जाऊन या, "रोवणी झाली की जातो" म्हणाला होतात, ती कधीच झाली.

आणि नवीन चिन्नोर निघाले की पाच किलो पाठवा. मावशींना आपला वास असलेला तांदूळ एकदा खायला घालायचाय. फक्त पिशवीवर "भात" असं लिहू नका. त्या परस्पर गिरणीवर पाठवून देतील.

आईला आणि आजीला नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुमची,
मोठी