डीएनएचा क्रम वाचणारे रेणू: मॅडमना आभारपत्र

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

नाशिकला एम.एस्सी. करीत असताना डीएनएचा ठरावीक क्रम ओळखून त्याला चिकटणारे कृत्रिम रेणू हा विषय मी सेमिनारसाठी घेतला, आणि मी आपल्या विभागाचा विद्यार्थी नसतानाही आपण गंगापूर रोडवरील घरी कितीतरी रविवार माझ्यासाठी मोकळे ठेवलेत. त्याचे आभार जाहीरपणे मानावेत, असे मनापासून वाटते.

रेणूतल्या कोणत्या कड्यांची जोडी डीएनएतली कोणती जोडी ओळखते, याचे नियम पुस्तकात होते. त्यांमागची कारणे आपण दाखवलीत. दुहेरी सर्पिल न उलगडता बाहेरून वाचायचे, तर मायनर ग्रूव्हच्या, म्हणजे सर्पिलावरच्या दोन खाचांपैकी अरुंद खाचेच्या, तळाशी रेणूला कोणते अणू भेटतात, हे आपण आधी कागदावर काढायला लावलेत. डिस्टामायसिन हा नैसर्गिक रेणू ॲडेनिन-थायमिनच्या पट्ट्यातच का बसतो, हे मग आपोआप दिसले: ग्वानिनचा अमिनो गट त्या खाचेत पुढे आलेला असतो आणि डिस्टामायसिनमधल्या पायरोल या पाच अणूंच्या कडीला आडवा येतो. पायरोलऐवजी इमिडाझोल ही तिच्यासारखीच, पण एक नायट्रोजन जास्त असलेली कडी घातली की त्याचा नायट्रोजन त्याच अमिनो गटाशी हायड्रोजन बंध जोडतो. अडथळ्याचीच खूण व्हावी, ही या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट आहे.

अमेरिकेतील कॅल्टेक या विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ पीटर डर्व्हन यांच्या गटाने १९९२ मध्ये असे दोन रेणू खाचेत शेजारी शेजारी बसतात हे दाखवले, आणि इमिडाझोलसमोर पायरोल आले की ग्वानिन-सायटोसिन जोडी ओळखली जाते, हा नियम हाती आला. पुढे ते दोन्ही केसांच्या पिनेसारखे एका वळणाने जोडल्यावर पकड कितीतरी घट्ट झाली. थायमिन-ॲडेनिन आणि ॲडेनिन-थायमिन यांतला भेद मात्र १९९८ मध्ये हायड्रॉक्सिपायरोल ही पायरोलची बदललेली कडी आल्यावरच साधला.

या यशाने मी भारावलो असताना आपण हिशेब मांडायला सांगितलात. आठ कड्यांची पिन डीएनएच्या सहा जोड्या वाचते. प्रत्येक जागी चार पर्याय धरले तर सहा जोड्यांचे ४०९६ क्रम होतात. म्हणजे सुमारे तीन अब्ज जोड्यांच्या मानवी जीनोममध्ये, म्हणजे माणसाच्या संपूर्ण डीएनएमध्ये, तोच क्रम लाखो ठिकाणी सापडणार. परीक्षानळीतली घट्ट पकड आणि पेशीतल्या एकाच जनुकावर होणारा परिणाम यांतले अंतर मला तेव्हा कळले, आणि आज प्रत्येक नवा रेणू आखताना मी तोच हिशेब आधी करतो.

आपण काढून दिलेल्या आकृत्या मी येथील नव्या विद्यार्थ्यांसाठी स्वच्छ उतरवून घेत आहे. त्यांवरून आपली नजर एकदा फिरावी, ही विनंती.

आपला कृतज्ञ विद्यार्थी