ताई, त्या ५०९ नोंदींबद्दल

प्रिय ताई,

फोनवर तुम्ही आभार मानूच देत नाही, म्हणून सगळ्यांदेखत लिहितेय.

तो रविवार आठवतो ना? मी जॅंगोत (पायथनमध्ये वेबसाइट बनवायच्या चौकटीत) केलेल्या वाचनालयाच्या यादीत ‘बालसाहित्य’ आणि ‘बाल साहित्य’ असे दोन प्रकार दिसत होते. एक काढायला गेले आणि नको तोच काढला. मुलांची पुस्तकं यादीतून गायब! मला वाटलं टेम्प्लेटच (पान दाखवणारा साचा) बिघडलंय. तासभर त्यातला फॉर लूप (यादीतली पुस्तकं एकेक करून दाखवणारा भाग) उचकत बसले. तुम्ही एवढंच विचारलंत, “डिलीटने काय परत दिलं ते बघितलंस का?” ते काही परत देतं हेच मला ठाऊक नव्हतं.

मग बॅकअपच्या वेगळ्या प्रतीवर जॅंगोचं शेल (थेट आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून तीच चूक पुन्हा करायला लावलीत. काढलेल्या नोंदींचा आकडा उमटला ५०९. प्रकार १, पुस्तकं ४१२, देवघेवी ९६. २०१७ सालच्या २.० आवृत्तीपासून जॅंगो ऑन_डिलीट, म्हणजे मूळ नोंद काढली तर तिला जोडलेल्या नोंदींचं काय करायचं ते, लिहायला लावतोच. मी कुठेतरी पाहिलेलं कॅस्केड (जोडलेलंही सगळं काढून टाक) डोळे झाकून उतरवलं होतं. तेव्हा तुम्ही रागावला असतात तरी चाललं असतं. बॅकअप आदल्या रात्रीचा होता, त्यामुळे त्या दिवसाच्या सहाच देवघेवी वहीतून पुन्हा चढवाव्या लागल्या.

एक गोष्ट तेव्हा लाजेने सांगितली नाही. त्याआधी मी टेम्प्लेटमध्येच, लूपच्या आत, पुस्तकापुढे डॉट देऊन डिलीट लिहून पाहिलं होतं. काहीच झालं नाही, चूकसुद्धा दाखवली नाही. नंतर कळलं की डेटा बदलणाऱ्या अशा मेथडवर (डिलीटसारख्या आज्ञेवर) जॅंगोने खूण करून ठेवलेली असते आणि टेम्प्लेट तिला हात लावत नाही. नाहीतर नुसतं पान उघडताच अख्खं कपाट रिकामं झालं असतं!

आता ‘काढा’ ही साधी लिंक नाही. आधी खात्रीचं पान येतं, मग पोस्टचा फॉर्म (बटण दाबल्यावरच बदल करणारा). कॅस्केडच्या जागी प्रोटेक्ट आहे, म्हणजे प्रकारात पुस्तकं असतील तर तो काढूच देत नाही. यादी खरंच रिकामी असेल तर लूपमधल्या एम्प्टीमुळे ‘या प्रकारात पुस्तक नाही’ असं दिसतं, कोरं पान नाही. अनुक्रमांकाला आयडीऐवजी (डेटाबेसने नोंदीला दिलेला क्रमांक) लूपचा काउंटर (१ पासून ओळीने मोजणारा) लावलाय, त्यामुळे “१७ नंतर एकदम १९ कसं?” हे विचारणं थांबलं.

काल ग्रंथपालकाका त्या दोन ‘बालसाहित्य’ प्रकारांतला जादाचा प्रकार काढायला बसले. पानाने अडवलं: ‘यात ७ पुस्तकं आहेत’, आणि खाली सातही नावं. काका म्हणाले, “अरे, ही इकडे कुठे आली?” मग चष्मा सावरत एकेक पुस्तक त्यांनी योग्य प्रकारात हलवलं आणि शेवटी मोकळा झालेला प्रकार स्वतःच काढला. मला बोलावलंसुद्धा नाही.

तुमची,
वाचनालयातली धांदरट