‘नाही’ खालच्या ओळीत पडतो तेव्हा

संपादक महोदय,

ठाणे-बेलापूर पट्ट्यात बऱ्याच ठिकाणी नव्या कामगाराला यंत्राजवळ पाठवण्याआधी संगणकावर किंवा मोबाईलवर सुरक्षेचे धडे दाखवले जातात. हे धडे बहुधा आधी इंग्रजीत बनतात, मग मराठीत आणले जातात. भाषांतर तपासले जाते, पण ओळ कुठे तुटते हे कोणी पाहत नाही. मराठीत ते पाहावेच लागते, कारण आपले क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येतात.

‘ओल्या हाताने स्विच लावणे सुरक्षित नाही’ हे वाक्य घ्या. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या दोन ओळींच्या चौकटीत ते तीन ओळींवर जाते आणि तिसऱ्या ओळीत एकटा ‘नाही’ उरतो. चौकटीबाहेरचा मजकूर कापला जात असेल किंवा त्यावर खालचे चित्र आले, तर पडद्यावर दिसते ‘ओल्या हाताने स्विच लावणे सुरक्षित’. वाक्य शुद्ध आहे, अर्थ उलटा झाला आहे, आणि प्रूफ वर्डच्या फाईलवर तपासले असेल तर ही चूक कोणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही.

ओळ हवी तिथे तोडायची म्हणून सर्रास एंटर मारला जातो. अडचण तिथेच सुरू होते. एंटरने नवा परिच्छेद होतो, त्याला वरखाली जादा जागा मिळते, आणि स्टोरीलाइनसारख्या धडे बनवण्याच्या सॉफ्टवेअरमधून भाषांतरासाठी मजकूर बाहेर काढला की प्रत्येक परिच्छेदाचा वेगळा तुकडा होतो. मूळ इंग्रजी सूचना तीन ओळींत तोडलेली असेल, तर भाषांतरकाराच्या हाती तीन सुटे तुकडे येतात आणि तो ते ओळीने लावतो : ‘इनलेट व्हॉल्व्ह बंद करा’, ‘उघडण्यापूर्वी’, ‘ड्रेन व्हॉल्व्ह’. मराठी वाक्य खरे तर ‘ड्रेन व्हॉल्व्ह उघडण्यापूर्वी इनलेट व्हॉल्व्ह बंद करा’ असे हवे. तुकड्यांच्या चौकटी अदलाबदल केल्याशिवाय ते जमतच नाही, आणि एकेका तुकड्याचे काम करणाऱ्याला ती मुभा नसते. म्हणून भाषांतराला देण्याआधी मूळ फाईलमधले वाक्याच्या पोटातले एंटर काढून टाकावेत. यावाचून पुढचे सगळे उपाय वाया जातात.

ओळ तोडणे खरोखरच गरजेचे असेल, जसे पत्त्यात किंवा शीर्षकात, तर शिफ्ट-एंटर वापरावे. परिच्छेद एकच राहतो. पण तेही फक्त ठरावीक मापाच्या स्लाइडवर. राइझ, एचफाइव्हपी किंवा मूडल या ब्राउझरमध्ये धडे दाखवणाऱ्या साधनांत मजकूर पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहतो. तिथे हाताने तोडलेली ओळ मोबाईलवर दोनदा तुटते आणि मध्येच एकेका शब्दाच्या ओळी पडतात.

त्यामुळे ओळ कुठे तुटावी यापेक्षा कुठे तुटू नये, हे सॉफ्टवेअरला सांगावे. त्यासाठी न तुटणारी स्पेस असते, म्हणजे जिच्या जागी ओळ तुटत नाही अशी. वर्डमध्ये ती कंट्रोल-शिफ्ट-स्पेसने येते. विंडोजवर ऑल्ट दाबून धरून उजवीकडच्या अंकफलकावर ०१६० टंकले तरी येते. ‘सुरक्षित नाही’, ‘उघडू नका’, ‘२२० व्होल्ट’, ‘५ किलो’, ‘क्र. ७’ अशा जोड्यांत ती घालावी. दुसरीकडून मजकूर चिकटवताना ही स्पेस कधी कधी साधी होऊन बसते, म्हणून चौकट अरुंद करून जोडी एकत्र खाली उतरते का, ते पाहावे. तीन-चार शब्द सलग बांधू नयेत. तो सगळा गठ्ठा खाली जातो आणि वरची ओळ अर्धी रिकामी राहते.

अपूर्णविरामाचेही असेच आहे. ‘सूचना :’ लिहिताना विसर्गाचा भास टाळण्यासाठी आपण आधी जागा सोडतो. ती साधी स्पेस असेल तर दोन टिंबे पुढच्या ओळीच्या सुरुवातीला जाऊन बसतात. तिथे न तुटणारी स्पेसच हवी. अपूर्णविरामाच्या जागी विसर्ग टंकणे तर पूर्णच चूक. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर तो विसर्ग म्हणूनच घेते.

आता चौकटीबद्दल. ‘मजकूर मावेना तर लहान करा’ ही सोय बंदच ठेवावी. तिच्यामुळे एका स्लाइडवर अक्षर १८ पॉइंट आणि पुढच्या स्लाइडवर १३ होते. मजकूर मावत नसेल तर चौकट वाढवावी किंवा स्लाइड दोन कराव्यात. ओळींमधले अंतर ठरावीक पॉइंटांत बांधू नये. ‘सर्वांनी’मधला रफार आणि अनुस्वार वरून कापला जातो, ‘दुरुस्ती’चे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. अक्षराच्या आकाराच्या साधारण दीडपट अंतर देवनागरीला मानवते. अक्षरांमधले जादा अंतर शून्य ठेवावे, नाहीतर शिरोरेषेचे तुकडे होतात. तिरपे अक्षरही टाळावे. बहुतेक देवनागरी फाँटमध्ये ते खास रेखलेले नसते, सॉफ्टवेअर सरळ अक्षरालाच कलते करते.

अरुंद बटणात ‘विद्युतपुरवठ्याच्या’सारखा शब्द मावत नाही, आणि काही मांडण्या तो कुठेही तोडतात. जोडाक्षर तोडू नये हा नियम युनिकोडच्या, म्हणजे संगणकावरच्या लिप्यांच्या जागतिक मानकाच्या, अक्षरगट-व्याख्येत देवनागरीसाठी २०२३ मध्ये, १५.१ या आवृत्तीत आला. जुन्या ब्राउझरवर ‘व्होल्ट’चा ‘ल्’ वर आणि ‘ट’ खाली जाऊ शकतो. बटणावर छोटा शब्दच निवडावा. ‘पुढे’, ‘मागे’, ‘तपासा’ पुरतात.

‘ऱ्या’ दोन प्रकारे टंकता येतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसऱ्यात ‘र’चा पाय मोडून त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारे चिन्ह असते. मजकुरातली नको असलेली चिन्हे काढून तो ‘स्वच्छ’ करताना ते चिन्ह उडाले की कॅन्टीनच्या धड्यात ‘आचाऱ्यांना’ऐवजी ‘आचार्यांना’ छापले जाते. रिकाम्या जागा भरण्याच्या प्रश्नात तर कामगाराने एका प्रकारे लिहिलेले बरोबर उत्तर दुसऱ्या प्रकारे साठवलेल्या उत्तराशी जुळत नाही आणि तो नापास ठरतो. दोन्ही रूपे, आणि आकड्यांत ‘5’ व ‘५’ दोन्ही, बरोबर म्हणून नोंदवावीत.

या कटकटीला कंटाळून काही जण मराठी मजकुराचे चित्रच करून टाकतात. हे आम्हाला अजिबात मान्य नाही. चित्रातला मजकूर दृष्टिहीनांच्या सॉफ्टवेअरला वाचता येत नाही, मोठा केला की फुटतो, आणि एक आकडा बदलायचा तरी सगळे चित्र नव्याने करावे लागते.

कारखान्यातल्या सूचना बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेतही लावाव्यात, असे १९४८च्या कारखाना कायद्याने कलम १०८ मध्ये घालून दिले. पडद्यावरच्या सूचनेलाही तीच कसोटी लावायला हवी. महापे, रबाळे, तुर्भे किंवा वागळे इस्टेटमधून असे काम बाहेर देणाऱ्यांनी वर्क ऑर्डरमध्येच लिहावे : मराठी मजकूर तयार धड्यातच तपासला जाईल, ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर आणि २०० टक्के मोठा करूनही, आणि प्रत्येक ‘नाही’ व ‘नका’ आपल्या शब्दाला धरून आहे का, ते मराठी वाचणारा माणूस स्लाइडवर बोट ठेवून पाहील.

– मराठी ई-लर्निंग धड्यांची मांडणी करणारे काही जण, ऐरोली, नवी मुंबई