फोटो उलटा करून बघणाऱ्या काकूंना

आदरणीय काकू,

सप्रेम नमस्कार.

केव्हनेइथिनच्या रग्बी क्लबातल्या जुन्या संघचित्रांची तुम्ही पाठवलेली सगळी छायाचित्रं मिळाली. आभार चारचौघांत मानावेत असं वाटलं, म्हणून हे पत्र खुलं. तुमचं नाव मात्र लिहीत नाही, कारण तुम्हाला ते रुचणार नाही.

वाचकांसाठी थोडं सांगतो. वेल्सच्या नैऋत्येला, कार्मार्थनशायरमधल्या ग्वेन्ड्राइथ खोऱ्यात, टम्बल आणि क्रॉस हँड्सच्या शेजारी केव्हनेइथिन नावाचं खाणकामगारांचं गाव आहे. इथला कोळसा अँथ्रासाइट, म्हणजे कठीण, चकाकणारा आणि जवळजवळ धूर न करता जळणारा. या एवढ्याशा गावाच्या रग्बी क्लबातून दोन माणसं जगापुढे आली. कार्विन जेम्स (जन्म १९२९) आणि बॅरी जॉन (जन्म १९४५). १९७१ साली ब्रिटिश लायन्स, म्हणजे इंग्लंड, वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंडचा निवडक संघ, न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकले, तेव्हा प्रशिक्षक कार्विन होता आणि चाल रचणाऱ्याची दहा नंबरची जर्सी बॅरीच्या अंगात होती. लायन्सने त्या देशात जिंकलेली ही आजवरची एकमेव मालिका. चार कसोटींत मिळून लायन्सचे ४८ गुण झाले, त्यांतले ३० एकट्या बॅरीचे.

आम्हाला मात्र या दोघांच्या आसपासची माणसं हवी होती. त्यांच्या संघांतले बाकीचे कोण? चिटणीस कोण, मैदानावर चुन्याच्या रेघा मारणारा कोण? हे विचारत आधी ज्या दारांवर गेलो, तिथून काय मिळालं ते सांगायला हवं. एका कार्यालयाने छापील उत्तर पाठवलं. एका जाणकार म्हणवणाऱ्या गृहस्थांनी कुठूनतरी उतरवलेला मजकूर धाडला. त्यात कार्विन जेम्सला वेल्सच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक करून टाकलं होतं. तो कधीच वेल्सचा प्रशिक्षक झाला नाही. खेळाडू म्हणून १९५८ मध्ये दोन सामने वेल्सकडून खेळला, पुढे लानेल्ली शहराच्या क्लबाला घडवलं, इटलीत रोव्हिगो क्लबाला विजेतेपद मिळवून दिलं. पण स्वतःच्या देशाने त्याच्या हाती संघ दिला नाही. एवढी मोठी गोष्ट जो उलटी सांगतो, त्याच्या बाकीच्या माहितीवर विश्वास ठेवायचा कसा?

आणि मग तुम्ही क्लबहाऊसमध्ये गेलात. भिंतीवरच्या चौकटींचे समोरून फोटो काढून पाठवले असते, तरी आम्ही ऋणी राहिलो असतो. तुम्ही परवानगी मागितलीत, एक चौकट खाली उतरवलीत आणि तिची पाठ बघितलीत. मागच्या तपकिरी कागदावर कुणीतरी शिसपेन्सिलीने रांगेनुसार, डावीकडून उजवीकडे नावं लिहून ठेवली होती. अक्षरं इतकी पुसट की सरळ उजेडात काही दिसेना. तुम्ही टॉर्च कागदाला जवळजवळ टेकवून बाजूने तिरपा धरलात, म्हणजे पेन्सिलीने उमटलेले खड्डे सावली धरतात, आणि तीनदा दिशा बदलून फोटो काढलेत. चौकट उघडली नाहीत हेही फार चांगलं केलंत. जुनी प्रिंट ओलीने काचेला चिकटलेली असू शकते. ओढली की चेहऱ्यावरचा थरच काचेवर राहतो.

हे काम किती मोलाचं, ते वेल्सची आडनावं ठाऊक असणाऱ्याला कळेल. जोन्स, डेव्हिस, विल्यम्स, इव्हान्स, की संपलं. आपल्याकडे अर्धं गाव एकाच आडनावाचं असतं, तसंच. म्हणून तिथे माणूस घराच्या नावावरून किंवा धंद्यावरून ओळखला जातो. वर्तमानपत्रात नुसतं ‘डी. जोन्स’ छापून येतं. त्या मागच्या कागदावर मात्र प्रत्येकापुढे घराचं नाव आहे. तेवढ्यावर दोन सख्खे भाऊ आणि एक परका वेगळे करता आले.

याच वाटेवर असणाऱ्यांसाठी काही गोष्टी इथेच नोंदवतो. वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने जुनी वर्तमानपत्रं फुकट खुली केली आहेत, पण ती १९१९ पर्यंतचीच. त्यांत लानेल्ली शोधताना इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी ‘आय’ऐवजी ‘वाय’ घाला. १९६६ पर्यंत अधिकृत स्पेलिंग तेच होतं. नव्या स्पेलिंगने शोधलं तर बऱ्याच बातम्या हाती लागत नाहीत. गावच्या सामन्याचं वृत्त बहुधा क्लबचाच माणूस लिहून पाठवायचा, म्हणून दोन्ही गावांची वृत्तं ताडून बघावीत.

गुणांचा हिशेब तर हमखास फसवतो. ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवण्याला, १९७१ पर्यंत ३ गुण, मग ४, आणि १९९२ पासून ५. ट्रायनंतरच्या लाथेला, म्हणजे कन्व्हर्जनला, २. ड्रॉप गोलला, म्हणजे खेळ चालू असताना टप्पा पडताच चेंडू लाथेने गोलपोस्टांमधून धाडण्याला, १९४८ पर्यंत ४ होते, नंतर ३. म्हणजे १९३० च्या सामन्यात ‘४–०’ दिसलं, तर तो ड्रॉप गोल, ट्राय नव्हे. १९७१ ची तिसरी कसोटी घ्या. लायन्सचे १३ गुण म्हणजे दोन ट्राय, दोन कन्व्हर्जन, एक ड्रॉप गोल. आजच्या दराने १७ झाले असते. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १९७२ ला, कार्विनच्या लानेल्लीने न्यूझीलंडला ९–३ हरवलं. तेव्हा रॉय बर्जियर्सच्या ट्रायला नवे ४ मिळाले, फिल बेनेटच्या कन्व्हर्जनचे २ आणि अँडी हिलच्या पेनल्टीचे ३.

आणखी एक. एखादा तरणाताठा खेळाडू मधल्याच हंगामात यादीतून गायब झाला, तर खाणीतला अपघात असं गृहीत धरू नये. खेळाडूंना पैसे द्यावेत की नाही, यावरून १८९५ मध्ये रग्बीत फूट पडली आणि त्यानंतर उत्तर इंग्लंडच्या फुटलेल्या क्लबांनी पैसे देऊन खेळाडू नेले. जो गेला त्याच्यावर जुन्या, हौशी रग्बी युनियनची आजन्म बंदी यायची. घरी चार पैसे यावेत म्हणून गेलेल्या मुलाला जुन्या क्लबाने ओळख दाखवणंही धोक्याचं होतं. हा अन्याय शंभर वर्षं चालला, १९९५ मध्ये खेळ व्यावसायिक होईपर्यंत. अशी नावं छापील यादीतून गळतात. पेन्सिलीच्या यादीत उरतात, कारण लिहिणाऱ्याला ती पोरं आपलीच वाटत होती.

काकू, भारतातून तिकडे गेलेल्या तुमच्यासारख्या डॉक्टरांच्या घरांनी त्या खोऱ्यांत दवाखाने चालवले, खाणकामगारांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. क्लबमधल्या मंडळींनी तुमच्या हाती चौकट विश्वासाने दिली, यात नवल नाही. गावचा क्लब पगारी माणसांवर कधीच चालला नाही. जर्सी धुणारी, वर्गणीची वही सांभाळणारी, पावसात गोलपोस्ट उभी करणारी माणसं होती म्हणून कार्विनला आणि बॅरीला खेळायला मैदान मिळालं. कुणी विचारलं नाही तरी नीट करायचं, ही त्यांची रीत. तुम्ही चौकट उलटलीत ती त्याच रीतीने.

वाचलेल्या नावांची यादी सोबत आहे, रांगेनुसार. दोन नावांपुढे प्रश्नचिन्ह आहे. गावातल्या वडीलधाऱ्यांना दाखवाल का? दुरुस्ती मूळ कागदावर नको. वेगळ्या कागदावर मऊ पेन्सिलीने लिहून तो पाकिटात घालावा आणि पाकीट चौकटीमागे अडकवावं. बॉलपेन नको, शाई झिरपते. चिकटपट्टीही नको. क्लबच्या चिटणिसांना आमचा नमस्कार सांगा.

आपले ऋणी,
रग्बीच्या इतिहासाचे मराठी अभ्यासक